रिपीटरांची खोली

१९ ऑगस्ट १९८७, बुधवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस नाही. दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेत एकतीस अंश. वारा बंद.

काही ठिकाणी किस्से गोळा करावे लागतात. आमच्या खोलीत ते आपणहून येऊन बसतात, आणि एकदा बसले की उठत नाहीत. परवा जुन्या डायऱ्या चाळल्या. पाऊस, तापमान, कोण आलं, कोण गेलं, एवढंच लिहायची माझी सवय. पण मधेमधे अशा नोंदी निघाल्या की चहा पिताना सांगितल्या तर लोक हसतात, आणि नंतर घरी जाताना सोबत शोधतात!

आधी खोलीबद्दल सांगतो. मी परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. शिक्षण सातवी. पुढचं सगळं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकलो. प्रयोगशाळेच्या वर एक लांब खोली आहे. बारावी सायन्सला मार्क कमी पडले, मेडिकलचा नंबर हुकला, म्हणून पुन्हा परीक्षेला बसणारी पोरं-पोरी तिथं अभ्यास करतात. सगळे त्यांना रिपीटर म्हणतात. खोलीत वीज नाही. सकाळी सहाला उघडायची, दिवस मावळताना बंद करायची. किल्ली माझ्याकडं, म्हणून मी सगळ्यांचा मामा.

खिडकीकडची टेबलं कोणाची आणि भिंतीकडची कोणाची, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला की दोन्हीकडची पोरं एकमेकांशी बोलायची बंद व्हायची. मग मुंजाजी उठायचा. हा गंगाखेडचा, खोलीतला सगळ्यात जुना रिपीटर. तो म्हणायचा, "भांडण पेपर झाल्यावर करू. आधी मला ह्याला केमिस्ट्री इचारू द्या!"

* * *

खोलीत रोज हजेरी व्हायची. ती मीच घ्यायचो. आणि तिचा एक नियम होता. जोवर मेडिकलला नंबर लागत नाही, तोवर हजेरीतलं नाव खोडायचं नाही.

हा नियम मुंजाजीनं घातला. "मामा, नाव खोडलं की नशीब खोडलं. राहू द्या."

त्यामुळं खोली सोडून गेलेल्यांचीही नावं रोज घ्यावी लागायची. कोणी मास्तर झाला, कोणी साखर कारखान्यात लागला, तरी नाव आहेच. त्याच्या जुन्या टेबलाशेजारी जो बसेल त्यानं त्याच्या वतीनं "हाजर" म्हणायचं. कधीकधी खोलीत पाच माणसं आणि अकरा हाजर!

जिंतूरचा अन्वर अभ्यास सोडून एका डॉक्टरकडं कंपाउंडर झाला होता. एका सोमवारी मी त्याचं नाव घेतलं. "हाजर," आवाज आला. मी पुढचं नाव घेणार, तेवढ्यात लक्षात आलं, त्याच्या टेबलाशेजारी आज कोणीच नाही.

"कोण बोललं रे?"

चौघं होते. चौघांनी एकमेकांकडं बघितलं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बोलला.

दुपारी अडीचला जिन्यावर पावलं वाजली. अन्वर! सात महिन्यांनी. एसटीची धूळ अंगावर तशीच. आपल्या टेबलावर जाऊन बसला, रुमालानं मान पुसली आणि मला म्हणाला, "मामा, सकाळी माझं नाव घेतलं का?"

"घेतलं."

"मग मी काय म्हणलो?"

* * *

खाली प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात माणसाचा सांगाडा आहे. खरा. परीक्षेच्या आधी रिपीटर गुपचूप त्याच्या पाया पडायचे. एकदा तर कपाळाला कुंकू आणि गळ्यात झेंडूचा हार! जीवशास्त्राचे सर भडकले. "अरे, सायन्सचे ना तुम्ही? ह्याला नवस बोलता?"

मुंजाजी शांतपणे म्हणाला, "सर, मेडिकलला जायला ह्याच्याशिवाय कोणाची वळख हाय आमची?"

कॉलेजच्या सामानाची दरवर्षी मोजणी होते. त्यासाठी एक कारकून येतो. सांगाड्याची हाडंही मोजावी लागतात, मी बोलायचं आणि त्यानं लिहायचं. त्या वर्षी बरगड्या मोजल्या, पंचवीस निघाल्या. मागच्या सगळ्या वर्षी चोवीस. पुन्हा मोजल्या. पंचवीस. मग कारकुनानं चष्मा पुसून स्वतः मोजल्या, बोट लावून, एकेक. पंचवीस.

मी म्हणालो, "साहेब, काय लिहायचं?"

त्यानं कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "कमी पडली तर लिहावं लागतं. जास्त निघाली तर कोणी विचारत नाही. चोवीस लिहितो." आणि चहा न घेता गेला!

पुढच्या वर्षी बरगड्या चोवीसच होत्या. मोजणीला कारकून मात्र दुसरा आला.

* * *

कुसुम बोरीची. वडील तिथंच प्राथमिक शाळेत गुरुजी. ती भिंतीकडच्या शेवटच्या टेबलावर बसायची. पहिल्या खेपेला चार मार्कांनी नंबर हुकला, म्हणून खोलीत आली. बोलणं कमी, लिहिणं जास्त.

प्रॅक्टिकलला बेडूक फाडायचे असतात. क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध केलेला बेडूक फाडला तरी त्याचं काळीज काही वेळ उडत राहतं. सगळ्यांचे बेडूक अर्ध्यापाऊण तासात थंड झाले. पोरं हात धुऊन गेली. कुसुम ट्रेसमोर बसून राहिली.

"जा की घरी. मी टाकतो उचलून."

"चालू हाय अजून, मामा."

सकाळी अकरा वीसला फाडलेला. एक वाजला, दोन वाजले. ती मधेमधे मिठाच्या पाण्याचे थेंब सोडायची. तीन वाजता मीही स्टूल ओढून बसलो. चार वाजून पाच मिनिटांनी ते थांबलं. कुसुमनं त्याच्याकडं आणखी एक मिनिट बघितलं, मग उठली.

दारात मुंजाजी उभा होता. म्हणाला, "ही डॉक्टर झाली तर पेशंटला मरायची बी परवानगी काढावी लागंल!"

कुसुम हसली नाही. "थांबायच्या आधी त्यानं एकदा थांबून बघितलं, मामा," ती म्हणाली. "तुमी बघितलं का?"

मी बघितलं होतं. डायरीत लिहिलं नाही.

* * *

दत्ता जिंतूरचा. त्याचे पहिल्या वर्षीचे मार्क: भौतिक ७४, रसायन ७१, जीव ८३. पुन्हा बसला. वर्षभर राबला. निकाल: ७४, ७१, ८३.

"मामा, बोर्डानं झेरॉक्स काढली!" असं म्हणत पेढे वाटले त्यानं, चेष्टेनं. खोली हसून हसून लोळली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा ७४, ७१, ८३. तेव्हा कोणी हसलं नाही.

चौथ्या वर्षी मी त्याला म्हणालो, "बाबा, आता कशाला बसतोस?" तो म्हणाला, "मामा, मार्कासाठी न्हाई. बघायला." भौतिकच्या पेपरात त्यानं येत असलेले दोन प्रश्न मुद्दाम सोडून दिले. मला केंद्राबाहेर येऊन सोडलेले प्रश्न दाखवले, खुणा करून.

निकाल: ७४, ७१, ८३.

गुणपत्रिकेची घडी घालत तो म्हणाला, "मी लिवलं काय, न्हाई लिवलं काय. हे माझेच हायत." आता जिंतूरला त्याचं मेडिकल स्टोअर आहे. शटरवर त्यानं हे तीन आकडे रंगवून घेतलेत. गिऱ्हाइकाला वाटतं, फोन नंबर आहे!

* * *

कुसुमचा दुसरा निकाल आला तेव्हा दत्ताची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. म्हणूनच सगळ्यांनी आधी मागच्या वर्षीचे आकडे विचारले. भौतिक आणि जीव दोन्ही वाढले होते. रसायन पहिल्या वर्षी ७९. दुसऱ्या वर्षी ७९. एका मार्कानं नंबर गेला.

तिला कृषी कॉलेजला जागा मिळत होती. घ्यायची तर चार दिवसांत. घेतली तर मेडिकल संपलं. सोडली तर आणखी एक वर्ष, आणि तेही फुकट गेलं तर हातात काहीच नाही. गुरुजी बोरीहून फॉर्म घेऊन आले. टोपी काढून माझ्या स्टुलावर बसले.

"माय, दोनदा झालं," ते म्हणाले. "तिसऱ्या खेपेला लोक तुला न्हाई, मला नापास म्हणतेत. घरात पाव्हणे यायलेत बघायला. कृषीला हो म्हण. पदवी ती पदवी."

 कुसुमनं दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या.

मुंजाजी मधे पडला. "गुरुजी, हिला दत्ताचा रोग लागलाय रसायनात. कृषीच बरं."

ह्यावर कुसुम म्हणाली, "दत्तादादाचे तिन्ही अडकले होते. माझा एकच अडकलाय. बाकी दोनाचं मी करून बघितलं, ते हाललेत. आता वर्षभर एकच करते."

"अन् तो बी न्हाई हालला तर?" गुरुजींनी विचारलं.

"मग मी पाव्हण्यासमोर बसते, बाबा. तुमी म्हणाल त्या."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी डायरीत बघितलं.  त्यांनी फॉर्मची चार बोटांची घडी केली, खिशात घातली आणि एसटी स्टँडकडं गेले. चार दिवस गेले. जागा गेली.

वर्षभर कुसुमनं रसायनशास्त्राशिवाय दुसरं फार काही केलं नाही. जुने पेपर मिळतील तेवढे सोडवले. सरांकडून तपासून घेतले, चुकांची वेगळी वही केली. जानेवारीत ती वही भरायची थांबली. नव्या चुकाच सापडेनात.

* * *

आता शेवटचा. हा मी आजवर फक्त दोघांना सांगितलाय.

पेपरच्या दिवशी सगळ्यांच्या पेनांत शाई मी भरायचो. रसायनशास्त्राची काचेची नळी, पिपेट म्हणतात तिला. तिच्यावर खुणा असतात. प्रत्येकाच्या पेनात बरोबर दोन मिलिलिटर. पेपर सुटला की पेनं माझ्याकडं परत. उरलेली शाई मी पुन्हा पिपेटमध्ये ओढून मोजायचो, म्हणजे कोणी किती लिहिलं ते कळायचं. पोरं त्यावर पैजा लावायची. "मामा, माझी किती खपली?" एक मिलि खपली की पोरगा खूश. दीड खपली तर पेढे!

मार्चमधला रसायनशास्त्राचा पेपर. सकाळी साडेनऊला सव्वीस अंश, आभाळ स्वच्छ. कुसुमच्या अंगात ताप होता. गुरुजी तिला धरून घेऊन आले होते. मी तिचं पेन भरलं. दोन मिलि. डायरीत लिहिलं. तिच्याकडं ते एकच पेन होतं.

पेपर सुटला. कुसुम पायऱ्या उतरून आली आणि पेन माझ्या हातात दिलं. नेहमीसारखं मी ते उघडलं, शाई पिपेटमध्ये ओढली, उजेडात धरली.

दोन मिलि.

शाई बाटलीत टाकली नाही. परत पेनात घातली, परत ओढली. दोन मिलि. थेंबही कमी नाही.

गुरुजी जवळच होते. त्यांना ही मोजणी माहीत होती. ते कुसुमकडं वळले. "माय, लिवलं न्हाईस?"

"लिवलं, बाबा."

"काय लिवलंस?"

"ते आठवत न्हाई. पहिला प्रश्न वाचलेला आठवतो. मग घंटा झाली." तिनं हात पुढं केला. मधल्या बोटाला पेन टेकतं तिथं खळगा पडला होता, लाल झाला होता. शाईचा डाग मात्र कुठंही नव्हता.

मी तडक वर्गात गेलो. सुपरवायझर बाई पेपरांचा गठ्ठा बांधत होत्या. मी सीट नंबर सांगितला. "ती तापात होती. कोरा तर नाही ना दिला?"

"कोरा?" बाई म्हणाल्या. "चार पुरवण्या घेतल्या तिनं. दोरा मी बांधला. मान वर केली नाही पोरीनं."

"पेन कोणतं होतं, बाई? कोणाचं मागून घेतलं का?"

"तिचंच की. आता मागायला कोण देतंय परीक्षेत?"

मी खाली आलो.  मी सांगायच्या आतच गुरुजींनी मुलीच्या डोक्यावर उपरणं टाकलं आणि तिला घेऊन बोरीच्या एसटीत बसले. निकालापर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले, ते मला माहीत नाही. मे महिन्यात पाव्हण्यांना तारीख दिली होती, एवढं कळलं. निकालानंतरची.

जूनमध्ये गुणपत्रिका मी स्वतः ऑफिसच्या खिडकीवरून घेतली.

कुसुम, तिसरी खेप. भौतिक ८८, रसायन ९७, जीव ९१. एकूण २७६. काल मेडिकलची यादी लागली. तिचं नाव पहिल्या पानावर, अकरावं.