दर्ग्यातल्या दिव्याची काच

खरं सांगतो, दर्ग्यात जायला मी मनापासून निघालोच नव्हतो. सौंसरला शाळेत गणित शिकवण्यात माझी हयात गेली. नवस-नेम हे बायकोचं खातं. मोहगावच्या रस्त्यावरच्या दर्ग्यात दर गुरुवारी दिवेलागणीला तेल घालायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. मग तिचे गुडघे गेले. "माह्यानं आता होत नाही. तुम्ही जा. काही झिजत नाही तुमचं," ती म्हणाली. गेलो, कुरकुरत.

त्या हिवाळ्यात मला सगळीकडे उजेडच कमी वाटायला लागला होता. घरातले बल्ब बदलले, छपाई फिकी म्हणून पेपरवाल्याला झापलं, चष्म्याच्या दुकानात भांडून आलो. एके सकाळी नातीला स्कूटरवरून शाळेत सोडायला निघालो, तर संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर डावीकडून इतका जवळून गेला की तिचं दप्तर घासलं. पोरगी घाबरून मला बिलगली. मी ट्रॅक्टरवाल्यालाच शिव्या घातल्या. चूक माझी असेल, हे डोक्यातही आलं नाही.

दर्ग्याची देखभाल रहीमचाचा करतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बोलणं मोजकं. पीरबाबाच्या मजारीजवळच्या कोनाड्यात काचेच्या नळीआड दिवा असतो. मला तो मंद दिसायचा, म्हणून मी तेल घालून वात मोठी करायचो. पुढच्या गुरुवारी काच काजळीनं काळी झालेली. मग आणखी कमी दिसे, आणि मी वात आणखी मोठी करी. चाचा राखेनं काच घासत बसायचे. एकदा मात्र माझा तोल गेला. "चाचा, बदला हो हा दिवा. काही दम नाही याच्यात!"

चाचांनी हातातली काच खाली ठेवली. "दिवा बराबर जळून राहिला, गुरुजी. पण तुम्ही तेल दर खेपेस डाव्या बाजूनं सांडून राहिले. जरा उजवा डोळा झाका बरं."

चिडूनच मी तळहात डोळ्यावर ठेवला. दिवा नव्हता. कोनाडा नव्हता, चाचाही नव्हते. अरे देवा! मी तिथंच फरशीवर बसलो आणि हमसून रडलो. नातीला मागं बसवून मी रोज त्या अंधारातूनच गाडी हाकत होतो.

चाचा शेजारी टेकले. "आमच्यात देवाच्या उजेडाले नूर म्हणतात, गुरुजी. जमीन-आसमान त्यानंच उजळते. माणसाचं दिल म्हणजे ही काच. उजेड वाढवणं आपल्या हाती नाही, काच पुसणं आहे." मग लगेच आवाज चढवून म्हणाले, "रडणं नंतर. सकाळच्या बसनं नागपूरले जा."

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला, तो परत यायचा नाही. उजव्यातही सुरुवात झाली होती. आणखी काही महिने अंगावर काढले असते तर तोही हातचा गेला असता. आता जन्मभर थेंब घालायचे. बायको दर्ग्याच्या दिशेनं हात जोडून म्हणाली, "बाबानं राखलं." पूर्वी मी हसलो असतो. चाचांनी सांडलेलं तेल पाहिलं, एवढंच घडलं, हे मलाही कळतं. पण तिचे गुडघे, तो दिवा आणि माझी चिडचिड, हे सगळं जुळवून मला त्या फरशीपर्यंत कोणी आणलं, याचा हिशेब मला मांडता येत नाही, आणि मांडावासाही वाटत नाही.

आयुष्यभर मी वातच मोठी करत आलो. वर्गात आवाज, घरात हुकूम. काजळी धरली की दोष दुसऱ्याचा. स्कूटर मी विकून टाकली. नात आता माझ्या डावीकडून चालते आणि माझा हात धरून मला शाळेपर्यंत नेते.

गुरुवारी अजून जातो. वात बेताची ठेवतो, काच स्वतः घासतो. चाचा लांबून विचारतात, "थेंब टाकले काय, गुरुजी?" निघण्यापूर्वी मी काचेजवळ तळहात धरतो आणि उजवा डोळा मिटतो. काहीच दिसत नाही. हाताला ऊब लागते. दिवा आहे, एवढं मला पुरतं.