थांबामामा आणि बिनटपाची गाडी

माझा मामा कुणाच्याही दारात पाठीवर आडवा व्हायचा. नेसलेलं परीटघडीचं पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. असा हा लातूरच्या गंजगोलाई बाजारातला कापडाचा व्यापारी दुसऱ्याच्या जीपखाली शिरला की बाहेर नुसते पाय दिसायचे. विकणारा माणूस अस्वस्थ होऊन चहा मागवायचा, घेणारा घड्याळ बघायचा आणि खालून मामाचा आवाज यायचा, "थांबा जरा." त्यावरून गावानं त्याला थांबामामा हे नाव ठेवलं. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मी मूळची नांदेडची. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, तिथल्या नव्या कचेरीत मी टंकलेखिका म्हणून लागले आणि मामाकडे राहू लागले. कचेरी भाड्याच्या खोल्यांतून चालत होती, फायली पोत्यांतून येत होत्या. साहेब आले, त्यांच्यामागे ठेकेदार आले आणि ज्याला त्याला वाहन हवं झालं. सगळं नवं येत होतं, पाऊस तेवढा येत नव्हता. नळाला पाणी नव्हतं, टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि अशा दिवसांत जुन्या गाड्यांचा बाजार मात्र तेजीत होता. ज्याला जुनी गाडी घ्यायची असेल तो आधी मामाच्या दुकानाची पायरी चढायचा.

मामाची पद्धत ठरलेली होती. आपण पोहोचेपर्यंत गाडी चालू करायची नाही, असा तो आधी निरोप धाडायचा. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं की निम्मं मन तिथंच उडालं. "आधीच तापवून ठिवलेली गाडी आन् आधीच हसून बसलेला सोयरा, दोनीबी तपासून घ्यावं," असं तो म्हणायचा. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचा. जिथं ते चिकटत नाही तिथं आत पत्रा नाही, नुसती लांबी, म्हणजे पुटीन, भरून रंग मारलाय, हे त्याचं शास्त्र. ऑइलचं झाकण उघडून आत सायीसारखं पांढरं दिसतंय का बघायचा. दिसलं तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. शेवटी पायाखालची चटई उचलून तिचा वास घ्यायचा.

हा संशय गाड्यांपुरता असता तर गोष्ट वेगळी. कलिंगड, छत्री, भाडेकरू, डॉक्टर, कशालाही तो वाजवून घ्यायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाला त्यानं "जरा चालून दाखवा" म्हणून अंगणात तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. ते स्थळ अर्थातच परत आलं नाही. घरात त्याच्या संशयाची आम्ही भरपूर थट्टा करायचो. पुढे त्यानं खरोखर जीव तोडून सांगितलं तेव्हाही आम्हाला ती थट्टाच वाटली, आणि याचा राग मला आजही येतो.

मामाचा एकुलता मुलगा शिवा. मी त्याला शिवादादा म्हणायची. नव्या जिल्ह्यात रस्त्यांची छोटी कामं घेऊन तो बऱ्यापैकी उभा राहिला होता, आणि त्याला उदगीरच्या एका गाडीनं वेडं केलं होतं. गाडी वकीलसाहेबांची. वकीलसाहेब म्हणजे उदगीरचे जुने मुसलमान वकील, मामाच्या वडलांपासूनचं गिऱ्हाईक आणि घरोबा; मामाला ते सावकार म्हणायचे. त्यांच्या वडलांनी निजामी काळात हैदराबादेहून आणलेली दोन माणसांची, लाल रंगाची, वर पत्र्याचा टप नसलेली विलायती गाडी. ऊन-पावसासाठी मागे घडी घातलेलं कापडी छप्पर. साहेबांना मोतीबिंदू झाला होता, मुलं परदेशी, गाडी चालवणारं कुणी उरलं नव्हतं.

मामानं ऐकलं तेव्हाच मान हलवली. "टपाची गाडी टपावर बी उभी ऱ्हाते," तो म्हणाला. "बिनटपाचीला वर काईच न्हाई. तिचा सगळा जीव दाराखालच्या उंबऱ्यात." दाराखाली दोन्ही बाजूंना पत्र्याची पोकळ तुळई असते, तिला तो उंबरा म्हणायचा. "तिथं पाणी शिरतंय आन् आतून कुजतंय. वरून रंग झ्याक दिसतो. उंबरा गेला की गाडी मधी दुमडती, चोपडीवानी. आन् दुष्काळात तर असली गाडी घ्यूच नये. पाऊसच न्हाई तर गळती हाय का न्हाई, कळणार कसं?"

तरीही आम्ही गेलो. शिवादादा, मामा आणि हट्टानं मी. वकीलसाहेबांनी बंगल्यामागच्या शेडची दारं उघडली आणि खरं सांगते, ती गाडी बघून मीसुद्धा विरघळले. बॉनेट थंड होतं, ऑइल स्वच्छ होतं, चुंबक सगळीकडे चिकटलं. मामाचा चेहरा हळूहळू सैल होत होता. मग त्यानं शिवादादाला गाडीत बसवलं, दार उघडून पुन्हा लावून बघितलं, ते किंचित अडलं तसा थबकला, आणि धोतर सावरून खाली शिरला.

इथं एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडे हाळीच्या किंवा देवणीच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव करायचा. शेवटची बोटं दाबली की सौदा झाला. मग बैल दारात मेला तरी मागे फिरायचं नाही. वकीलसाहेब जुन्या वळणाचे. मामा खाली असताना त्यांनी हसत खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला. "आओ बेटा, तुम्हारे दादा के साथ हमने बैल ऐसेच लिये थे." शिवादादाला तो मान वाटला. त्यानं हात रुमालाखाली घातला.

मामा बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताचं बोट गंजाच्या तांबेऱ्यानं माखलेलं होतं. त्यानं रुमाल पाहिला. रुमालाखालचे दोन हात पाहिले. मग बोट धोतराला आतल्या बाजूनं पुसलं आणि म्हणाला, "शुभ झालं." त्या दिवशी पहिल्यांदा तो "थांबा" म्हणाला नाही.

त्याच दोन माणसांच्या गाडीत तिघं दाटीवाटीनं बसून परतताना नळेगावला चहाला थांबलो तेव्हा त्यानं सांगितलं. "डाव्या अंगाचा उंबरा गेलाय. बोट आत गेलं माजं."

शिवादादानं कप खाली ठेवला. "मग तितंच बोलायचं की आप्पा! चला, परत दिऊन येऊ."

"हात गेला न्हवं तुजा?"

"आवो, पर त्यांना बी ठावं नसंल."

"म्हूनच न्हाई द्यायची. त्यांना वाटंल, सावकारानं बोट ठिवायला जागा धुंडली. तुज्या आज्याची जबान हाय त्या घरात." एवढं बोलून मामानं बशीतला चहा संपवला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

नंतर त्यानं नांदेडहून एक वेल्डर आणवला आणि उंबऱ्यावर पत्रा मारून घेतला. वेल्डर प्रामाणिक होता. जाताना म्हणाला, "मालक, कुजक्याला नवं जोडलंय, धरंल तवर धरंल." शिवादादानं यातलं "धरंल" एवढंच ऐकलं. गाडी धूळ उडवत त्याच्या कामावर जाऊ लागली. रस्ते तरी कसले! दुष्काळी कामांवर खडी पसरलेली, पण दाबायला पाणी नाही, त्यामुळे सगळी सुटी. कोसन् कोस गाडी नुसती थरथरायची.

मामाचा एक नवा नेम सुरू झाला. सकाळी लिंगपूजा आटोपली की तो गाडीत जाऊन बसायचा, दार लावायचा आणि दाराच्या मागच्या फटीत आगकाडी घालून बघायचा. आधी आगकाडी घट्ट बसायची. मग ती सैल पडली. उन्हाळा वर चढला तसा तो आगकाडीऐवजी माझी पेन्सिल मागू लागला. मी ती हसत द्यायची. तो हसायचा नाही. "फट वाढायलीय," एवढंच म्हणायचा. विहिरी आटत होत्या, शेतातल्या भेगांत पाय जात होता, आणि आमच्या घरात हा माणूस रोज सकाळी एका दाराची भेग मोजत होता. मला हळूहळू त्या लाल गाडीची भीती वाटू लागली, पण बोलायची लाज वाटे, कारण घाबरणं हे त्या घरात मामाचं काम होतं.

त्यानं शिवादादाला सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा किल्ली लपवली, तर दादानं दुसरी करून घेतली. "भंगारात घालू," असं दादाच एकदा वैतागून म्हणाला, तर मामानं कानांवर हात ठेवले. साहेबांच्या वडलांची गाडी भंगारात गेली हे उदगीरला कळलं तर तोंड कुठं दाखवायचं? दुसऱ्याला विकायची तर दोष सांगून विकावी लागणार, आणि दोष ऐकून कोण घेणार? अशा सगळ्या वाटा त्यानं स्वतःच बंद करून घेतल्या होत्या.

शिवादादाची बायको, आमची वहिनी, बाळंतपणाला माहेरी नायगावला गेली होती. मुलगी झाली. दोघींना आणायला शिवादादा गाडी घेऊन जाणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी मामा गाडीत बसला आणि दार लागेचना. खिट्टी खाचेपर्यंत पोचत नव्हती.

"शिवा, उद्या यष्टीनं आण त्यान्ला."

"चाळीस दिसाचं लेकरू यष्टीत घालू? लई गर्दी आसती आप्पा."

"दार बसंना झालंय."

"दोरीनं बांधतो की."

"आरं, दार न्हाई, गाडी वाकलीय. मधी मोडंल. लेकरू आसंल तिच्या मांडीवर."

"आप्पा, तुमी तर कलिंगडाला बी असंच म्हंता," शिवादादा हसला. मामीही हसली. मीही हसले. मामा आमच्या तोंडांकडे बघून हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवादादा आंघोळीला गेला असताना गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मामाला गाडी जेमतेम चालवता यायची. दारात जाऊन पाहिलं तर तो एकटाच होता आणि गाडी गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्याकडे वळत होती. मी हाक मारली. त्यानं मागं वळून फक्त हात वर केला.

तिथं खडी फोडणाऱ्या बायकांनी पुढचं सांगितलं. म्हातारा एकटाच गाडी खड्ड्यांत घालत होता, बाहेर काढत होता, वळवून पुन्हा घालत होता. त्यांना वाटलं, माणूस वेडा झाला. त्या ओरडल्या तर म्हणाला, "लांब व्हा बायांनो, मोडायलीय आता." आणि ओढ्याच्या उतारावर ती मोडली. मधोमध, तो म्हणाला होता तशी. दोरीनं बांधलेलं दार तुटून पडलं आणि मामा दगडांवर फेकला गेला.

दवाखान्यात तो शुद्धीवर होता. शिवादादा पायाशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. मामानं माझ्याकडे बघून विचारलं, "मोडली न्हवं?" मी म्हटलं, "मोडली, मामा." त्यानं डोळे मिटले. वाहनं पारखणारा माझा मामा संध्याकाळपर्यंत गेला.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. जमीन इतकी कडक झाली होती की खड्डा खणायला पहारी लागल्या. बेल आणि भस्म घालून त्याला बसवलं तेव्हा तो नेहमीसारखा काहीतरी निरखत बसल्यासारखा दिसत होता. मला फार रडू आलं.

वकीलसाहेब कुणाचा तरी हात धरून आले. त्यांना नीट दिसत नव्हतं. ओसरीवर बसून त्यांनी शिवादादाकडून सगळं ऐकलं, तांबेऱ्यानं भरलेल्या बोटापासून. मग काठीवर दोन्ही हात टेकले.

"बेटा, एक बार बोलना था," ते म्हणाले. "अब्बा की गाडी थी. तुम लेके गए और हम रात-रात सोए नहीं. कितनी बार सोचा, लातूर जाके बोलूँ, सावकार, मेरी गाडी वापस दे दो. लेकिन हाथ दे चुका था ना. किस मुँह से माँगता?"

शिवादादा उठून बाहेर गेला. दाराआड बसलेल्या मामीनं हे सगळं ऐकलं होतं. मोठ्या माणसांपुढे ती कधी बोलत नसे. त्या दिवशी आतूनच बोलली.

"साहेब, तुमची बी जबान ऱ्हायली, त्यांची बी ऱ्हायली. मान्स तेवडं माजं गेलं."