पन्नास नावांचा कागद

काल घाईत मी स्वतःचं समजून मुलीचं इंटर्नशिपचं जुनं ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि पिंप्राळ्यापासून ऑफिसपर्यंत मिरवत गेलो. शिपायानं हसून दाखवलं तेव्हा धुळ्याची ती फायनान्स कंपनी आठवली आणि डोकं पुन्हा तापलं. कर्ज कसं मंजूर करतात ते शिकायला पोरगी दोन महिने तिथं गेली. शिकवलं काहीच नाही, आणि शेवटच्या दिवशी साहेब म्हणाला, पन्नास नातेवाइकांची नावं आणि नंबर लिहून दे, मगच सर्टिफिकेट. तिनं साफ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी एसटीनं निघालो. पारोळा येईपर्यंत साहेबाला काय काय सुनवायचं ते पाठ झालं होतं. एसीच्या गारव्यात साहेब उठून उभा राहिला. "या नाना, बसा. उन्हाचे आलात, चहा घ्या." मी तिथंच विरघळलो. "सगळीच पोरं देतात हो. कर्ज हवंय का विचारायला आम्ही नुसता फोन करतो, कोणाला खातो का?" असं म्हणत त्यानं कागद सरकवला, आणि चहा संपेपर्यंत मी अकरा नावं लिहिली होती, पहिलं माझ्या मेहुण्याचं. मुलीनं कागद उचलला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "पप्पा, चला." सर्टिफिकेट राहिलं ते राहिलंच. त्या साहेबाचा संताप आजही होतो, पण निघताना 'चहा छान होता' म्हणणाऱ्या माझा जास्त होतो. काल संध्याकाळी घरी ते ओळखपत्र खिशातून काढून ठेवायला लागलो तर बायको म्हणाली, "घाला परत गळ्यात. त्यांचं काम पोरीनं कुठं केलं, तुम्हीच तर केलं."