हॉकीवाल्या आजीचा पिंड

आमच्या आत्यांच्या फोटोला हार घातला तेव्हा आत्या समोरच बसून बशीतनं चहा पीत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, लंकाबाई. हार घालणारा पोरगा पिच्चरवाल्यांचा. त्याला काय त्याचं! भिंतीत खिळा ठोकला, झेंडूचा हार सारखा केला आणि म्हणाला, "आज्जी, बघा बरं, नीट दिसतंय का?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. जित्या माणसाच्या फोटोला हार! आत्या म्हणाल्या, "जरा डावीकडं घे रं बाबा. जित्तेपणी वाकडी व्हते, मेल्यावर तरी सरळ दिसू दे."

हे कसं झालं ते सांगते. तीन वर्षांमागं पुण्याच्या लोकांनी आमच्या डिंगोऱ्यात पिच्चर काढला, 'हाणा पोरींनो'. गावातल्या पोरींची हॉकी टीम, कुणाच्या पायात बूट नाही, सरांचा चष्मा सारखा हरवतो, शेवटी फायनल जिंकतात, असला घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा हसरा पिच्चर. माझी लेक नूतन शाळेच्या टीमची खरीच गोलकीपर, म्हणून पिच्चरमध्येही तीच. आत्या नुसत्या बघायला गेल्या होत्या. पंचाचं काम करणाऱ्या माणसानं लिहून दिल्याप्रमाणं नूतनच्या विरुद्ध शिट्टी फुंकली, आणि ह्या बाई पदर खोचून थेट मैदानात! "ए शिट्टीवाल्या, डोळं हायेत का गोट्या? पोरीनं आडवलाय की बॉल!" डायरेक्टरनं कॅमेरा बंद केलाच नाही. पिच्चर आला आणि लोकांना बाकी कुणी आठवेना, हॉकीवाली आजी तेवढी आठवली. एसटीत चढल्या तरी कंडक्टर विचारायचा, "आजी, माझे डोळे बरे आहेत ना?"

आत्या मूळच्या आहुप्याच्या. हिरडा वेचत वाढल्या. गुरं राखताना पोरंपोरी मिळून वाकड्या काठीनं वाळका हिरडा टोलवायची म्हणे. "त्याला हाकी म्हणत्यात ह्ये कुणाला ठावं व्हतं," असं म्हणायच्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आल्या. नवरा लवकर गेला. भाताच्या लावणीला, टोमॅटोच्या तोडणीला जाऊन एकट्या बाईनं माझ्या मालकांना, गोरखला, वाढवलं. पण जीभ म्हणजे विळ्याची धार. मी नवी सून आले तेव्हा माझी पहिली भाकरी कुत्र्याला दाखवून म्हणाल्या, "बघ रं, तुला तरी जमती का." एकोणीस वर्षांत मी त्यांना एकदाही उलट बोलले नाही. मला त्या मुकी म्हणायच्या. खरं सांगू? लई राग यायचा मला त्यांचा. फक्त नूतनपायी सगळं माफ होतं. पोरगी पहाटे सरावाला जायची, तर बिबट्याच्या भीतीनं ह्या घुंगराची काठी घेऊन तिच्यासोबत मैदानावर. दोन तास काठी आपटत उभ्या.

गेल्या आषाढात नूतनची पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली. फॉर्मवर बापाची सही पाहिजे. आणि ह्यांनी तर आळे गावचं स्थळ बघून ठेवलं होतं. फाट्यावर टायरचं दुकान, दोन मजली घर. कार्तिकात पोरीला अठरावं पुरं होणार, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा. फॉर्म देव्हाऱ्यामागं खोचून ठेवला. नूतन जेवेना. मी रात्रंदिवस जळत होते, पण बोलणार कोण? आत्या महिनाभर लेकाशी भांडल्या. ज्या लेकानं आईचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, तो म्हणाला, "आई, बॉल आडवून जन्म निघत नाय. तू यात पडू नको."

श्रावणात एक दिवस आत्या आरोग्य केंद्राच्या आशाताई अश्विनीबरोबर नारायणगावला गेल्या, गुडघ्याच्या गोळ्या आणायला म्हणून. आल्या आणि भांडायच्या बंदच झाल्या. घरात एकदम सामसूम. ती शांतता मला त्यांच्या शिव्यांपेक्षा वाईट वाटायची.

मग डायरेक्टर आला, स्वराज नावाचा. पिच्चरचा दुसरा भाग काढायचा ठरला होता. ओट्यावर बसून मान खाली घालून त्यानं गोष्ट सांगितली. दुसऱ्या भागात हॉकीवाली आजी वारलेली. टीम मोडलेली, पोरी एकमेकींशी बोलत नाहीत. आजीचा दहावा आहे, पिंड ठेवलाय, आणि कावळा काही शिवत नाही. भटजी वैतागतात, सर छत्री विसरतात, सगळी गंमत. शेवटी नातीला उमगतं. ती शब्द देते, "आजी, यंदाची फायनल आम्हीच जिंकू," आणि कावळा झडप घालतो.

हे ताडकन उठले. "माझ्या आईचा पिंड? बाहेर व्हा पहिले!" पण आत्यांनी हात वर केला. "कोण कोण रडतंय त्ये फुकटात बघायला मिळतंय. मला पायजे बघायला." स्वराज हसला नाही. त्यानं एकवार आत्यांकडं बघितलं आणि नजर वळवली. आत्यांनी हो म्हणून अंगठा दिला.

दोनच दिवसांत पिच्चरवाल्यांनी स्टँडवर फ्लेक्स लावला, 'भावपूर्ण श्रद्धांजली, कै. लंकाबाई'. खाली टीमच्या पोरींची नावं. आहुप्याहून आत्यांची चुलतबहीण भागू छाती पिटत आली. आत्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या बघून ती जागच्या जागी बसली, पाणीसुद्धा घेईना. जाताना मला म्हणाली, "मोहिने, तोंडातून गेलेलं ऐकणारं कुणीतरी असतं बरं. आमच्या देवाच्या राईत आमी वाळली काडी उचलत न्हाई, आन् तुमी मरणाशी खेळताय व्हय?"

पित्रांचा पंधरवडा चालू होता. त्यातच नदीच्या घाटावर शूटिंग ठेवलं. निम्मं गाव लोटलं होतं. दर्भावर भाताचे पिंड, समोर हार घातलेला फोटो, आणि कॅमेऱ्यामागं प्लास्टिकच्या खुर्चीत आत्या, हातात मोसंबीच्या ज्यूसचा ग्लास. उंबरावर पंधरा-वीस कावळे होते. घरोघरच्या घासांनी पोटं भरलेली, एकही हलेना.

पहिल्यांदा नूतननं शब्द दिला. कावळा नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नाही. पिंडावर शेव टाकली, भजी ठेवली. स्वराज घामाघूम झाला. गावातले जाणते गेणभाऊ म्हणाले, "आरं, जित्या बाईच्या पिंडाला कावळा कसा शिवंल? बोलावणं आल्याशिवाय शिवत नाय त्यो." ते ऐकून आमच्या जिवात जीव आला. ह्यांनी हात जोडून डोळे मिटले. मीही मनात म्हटलं, देवा, नको शिवू देऊ. एवढी भांडखोर बाई, पण घरात पाहिजे. सगळा घाट कावळा यावा म्हणून थांबलेला, आणि आम्ही दोघं येऊ नये म्हणून.

नवव्यांदा झालं तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. आत्या खुर्चीतनं उठल्या. चार पायऱ्या उतरायला त्यांना केवढा वेळ लागला! स्वतःच्या पिंडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दम खाल्ला आणि म्हणाल्या, "पिच्चरमधलं खोटं सांगून कावळा शिवत न्हाई. गोरख, हिकडं ये. खरं बोल. आळ्याच्या लोकांना न्हाई म्हणून सांग. पोरीला खेळाया जाऊ दे. पिंडापुढं म्हण."

हे दोन पावलं पुढं आले. "आई, मी बोललो आन् कावळा आला तर?"

"तर येईल."

"तुझं मरण माझ्या तोंडानं बोलवू कसं गं?" ते रडायलाच लागले. एवढा बाप्या माणूस, सगळ्या गावादेखत. "न्हाई. मला न्हाई जमायचं."

नूतन तर, "नको आज्जी, मला काहीच नको, मी करते लग्न," असं म्हणत त्यांच्या कमरेला बिलगली.

मी लेकीकडं बघितलं. आत्यांकडं बघितलं. उंबराकडं बघायचं धाडस झालं नाही. शपथेवर सांगते, त्या घटकेला मला सगळं कळत होतं. मी काय बोलतेय आणि त्यानं काय होईल, सगळं. पोरीचा जन्म एका बाजूला, आत्या दुसऱ्या. आणि मी तोंड उघडलं. "आत्या, नूतनचं लग्न आम्ही करणार नाही. ती पुण्याला खेळायला जाईल. हा माझा शब्द."

पंखांचा आवाज आला. एकच कावळा उतरला, शेवेला तोंड लावलं नाही, भजी बाजूला सारली, थेट मधल्या पिंडात चोच घातली.

स्वराजनं 'कट' म्हटलं तरी कुणी हललं नाही. गेणभाऊंनी टोपी काढली. "गोरख, शब्द गेला. घरात कुणीबी देऊ दे, पिंडाला दिलेला शब्द मोडता येत नाय." हे माझ्याकडं बघत होते. लग्न झाल्यापासून त्या नजरेनं त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फॉर्मवर सही केली, आळ्याला निरोप धाडला, आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

सही झाली त्या दुपारी आत्यांनी मला चुलीपाशी बोलावलं. तांदळाच्या कणगीत हात घालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत दवाखान्याची फाईल.

"पोटात गाठ हाय. श्रावणातच सांगितलं डाक्टरनं. दिवाळी दिसायची न्हाई म्हणला."

मी त्यांच्यापुढं खालीच बसले.

"त्यो स्वराज मला पिच्चरमधी मारायला तयार न्हवता. लोक तुम्हालाच बघाया येत्यात म्हणला. मीच त्याला आधी फोनवर म्हणलं, मार मला, पिंड मांड, बाकीचं मी बघते." त्या हसल्या, मग पोट धरून वाकल्या. "मी गेल्यावर कोण व्हतं पोरीला? तू तर मुकी."

मी रडत रडत चिडले. "मग तेव्हाच का नाही सांगितलं? ह्यांना आत्ता जाऊन सांगते. माझ्या बोलण्यानं तुम्ही मरणार असं वाटतंय त्यांना!"

"वाटू दे." माझं मनगट त्यांनी असं धरलं की वळ उठला. "त्याला कळलं की म्हातारी तशीबी चाललीच व्हती, तर कावळा काय आन् शब्द काय! म्हणंल, फसवलं मला. उद्या आळ्याला फोन लावंल. त्ये न्हाई तर दुसरं स्थळ. पोरगी पायावर उभी राहंस्तवर त्याला वाटू दे. अश्विनीकडून शपथ घेतलीया. तुझ्याकडून न्हाई घेत. सोसवंल का, तेवढं सांग."

त्यांनी फाईल माझ्या मांडीवर ठेवली. मी ती एकेक कागद करून चुलीत घातली. कागद जळेपर्यंत त्या बघत बसल्या, मग म्हणाल्या, "आता च्या टाक. साखर घाल जरा."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आत्या गेल्या. गाव म्हणालं, कावळा शिवला तेव्हाच ठरलं होतं. बायका नळावर माझ्यासाठी जागा सोडायला लागल्या, आदरानं नव्हे.

दुसरा भाग माघात लागला. नूतन वसतिगृहात होती, तिला सुट्टी मिळाली नाही. आम्हाला पास आले म्हणून आम्ही दोघं नारायणगावला दुपारचा खेळ बघायला गेलो. भटजी घसरले, लोक हसले. सरांची छत्री उलटी झाली, लोक हसले. कावळा उतरला तेव्हा तर सगळं थेटर टाळ्या आणि शिट्ट्यांनी दणाणलं. पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "आला रे आला!"

हे उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. मोटरसायकलला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. पाच महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"तू बोलली नसतीस तर आज आई असती."

हातात दाखवायला एक कागद नव्हता, आणि असता तरी मी दाखवला नसता. नूतनच्या वसतिगृहाचं पहिलं वर्षसुद्धा पुरं व्हायचं होतं.

"व्हय," मी म्हणाले. "मीच बोलले."