सुपात न बसणारा समलंब

धानोऱ्याच्या आमच्या शाळेत सत्यशीला मॅडम गणित शिकवतात. त्यांचा आवाज काढणं सोपं आहे. सुरुवातीला नाकातून 'पाहा बरं' म्हणायचं आणि वाक्याचा शेवट उंच न्यायचा. समलंब चौकोन आला की त्या घरून आईचं सूप आणतात. आई लोकांकडे धान पाखडायला जायची, तिच्या शेजारी बसून मॅडम अभ्यास करायच्या. "पाहा बरं, ह्या दोन बाजू समांतर. रुंद बाजूले दोन लघुकोन, सारखे. अरुंद बाजूले दोन विशालकोन, तेही सारखे. झाला समलंब."

चाचणीत रंजीतानं वेगळाच काढला. दोन काटकोन, एक लघुकोन, एक विशालकोन. मॅडमनी लाल फुली मारली आणि पेपर वर्गाला दाखवला.

"आमचा गोठा असाच हाये, मॅडम," रंजीता म्हणाली.

"पाहा बरं, हे रंजीताचं सूप. यात धान पाखडलं तर अर्धं शेजारणीच्या अंगणात."

सगळे हसले. फळ्याकडे सगळ्यांत आधी धावणारी रंजीता त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसू लागली. हात वर नाही, काही नाही.

मॅडमचं ते शेजारणीच्या अंगणाचं वाक्य मला फारच आवडलं. सायकल स्टँडखाली मी ते पोरांना नाकासकट करून दाखवत होतो, तर मॅडम मागे. स्कूटी काढायला आल्या होत्या. पोरं पांगली. मॅडम रागावल्या नाहीत. त्या वर बघत होत्या. पत्र्याचं उतरतं छप्पर, पुढचा खांब उंच, मागचा ठेंगणा.

"खांब समांतर," त्या पुटपुटल्या. "खाली दोन काटकोन." मग मला म्हणाल्या, "असंच बोलली का रे मी तिले?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी आमचे प्रफुल सर त्यांना समजावत होते. "सोडा ना मॅडम. पोरं विसरून जातात."

"ती नाई विसरली, सर. माह्याकडे पाहतच नाई."

वर्गात त्या सूप न घेता आल्या. "समलंबाले समांतर बाजूंची एक जोडी पायजे. कोन सुपासारखेच पायजेत, असं नाई. रंजीताचं बरोबर होतं. माहं चुकलं, आन् वरून तिची थट्टा केली. रंजीता, पेपर आन माय. फुली खोडून देतो."

"चुलीत घातला, मॅडम."

"मग फळ्यावर काढतं का?"

रंजीता उठली नाही.

मॅडमनी स्वतःच दोन खांब काढले, वर छप्पर. छपराच्या पुढच्या टोकाला ऐंशी अंश लिहिले, मागच्या टोकाला शंभर.

"मागचा खांब आखीन ठेंगणा करा," मागून रंजीता म्हणाली. "मातीच्या कवेलूच्या छपराले एवढा उतार पुरत नाई, पाणी गळते."

मॅडमनी खोडलं. "पुढचा कोन किती ठेवू?"

"सत्तर."

"आन् मागचा?"

"एकशे दहा," रंजीता बसल्या जागेवरून म्हणाली.

मॅडमनी ते लिहिलं आणि आकृतीशेजारी बरोबरची खूण केली.