छायानं नाव निजवली

लिही धनू, मी बोलते तसंच लिही, सुधारत बसू नको. तुझी छायाआजी, माझी धाकटी जाऊ, तिचं सांगते. इथं सुरतेत, लिंबायतच्या पोरींना वाटतं, ही दारात बसून साड्यांना टिकल्या लावणारी म्हातारी. तिनं एकदा अख्खी नाव तापीत बुडवली, ते कोणाला ठाऊक?

आपण भोई, प्रकाशा गावाकडचे. गावाला दारापुढून वाहायची तीच तापी सुरतेत येते, म्हणून मला इथं परकं वाटलंच नाही कधी. माझा दीर हिलाल, छायाचा नवरा, त्याचं तर काय! हिवाळ्यात लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आणि होळीनंतर दर्याकडून वारा सुटला की नावेवर. शीड भरलं की नाव वरच्या अंगाला जायची, कठोर गावाकडे, आणि टरबुजं भरून धारेबरोबर खाली यायची. मी बसलेय ना तिच्यात. वाटायचं, आपण थांबलोय आन् काठच चाललाय.

दिवाळी झाली की तो वारा पडतो. मग नाव काय करायची? काठावर ओढली तर फळ्या सुकतात, भेगा पडतात. तरंगती ठेवली तर रोज पाणी उपसायला कोण जाणार? म्हणून तिला पाण्यातच निजवायची. शीड-काठी उतरवायची, दगड भरायचे, बुडाच्या भोकातला डाट काढायचा. ती तळाला बसते ती होळीपर्यंत. गोड्या पाण्यात लाकूड जिवंत राहतं. पण सपाट बसायला पाहिजे, नाहीतर कण्यात मोडते.

कोझवे, म्हणजे तापीवरचा बंधारा, नवीन बांधला होता तेव्हाची गोष्ट, दिवाळी नुकतीच झालेली. हिलालला थंडीताप भरला. डोळे पिवळे, दात कडाकडा वाजायचे. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, मोठ्या दवाखान्यात न्या, आजच. आम्ही रिक्षा आणली, तर हा रिक्षावाल्याला सांगतो, "ओवाऱ्यावर घे." ओवारा म्हणजे इथला घाट.

"दवाखान्यात!" छाया ओरडली.

"नाव निजवल्याबिगर मी कुठं येत नाही. मी नाही उठलो, तर तिला उन्हात कोण बघंल?"

"आन् मला कोण बघंल?"

"तुला वहिनी आहे की."

काय बोलणार अशा माणसाला? गेलो ओवाऱ्यावर. गोधडी पांघरूनच नावेकडे निघाला, दोन पायऱ्या उतरला आणि मटकन खाली बसला. छायानं पदर खोचला.

"मी निजवते. मग तर येशाल ना?"

"तू? तुला पोहता तरी येतं का?"

"भोयाची पोर आहे मी."

"भोयाची, पण विहिरीच्या गावची!" अंगात ताप, पण टोमणे शाबूत.

शीड मी घडी घातलं. काठी उतरवायला कपडे धुणाऱ्या बायका आल्या. एक म्हणते, "बेन, सारी होडी केम डुबाडो छो?" चांगली होडी का बुडवता म्हणून.

छाया म्हणाली, "थाकी गई छे. सुवाडूं छूं." थकलीय, निजवतेय.

नावेच्या टोकाला तिनं कुंकू लावलं, लेक सासरी निघते तेव्हा लावतो तसं. मग दगड. पायरीवरून हिलाल, "मागं ठेव! तो नको, चपटा घे! अगं चपटा म्हणजे चपटा!" शेवटी डाट काढला. पाणी आत आलं, पण आवाज नाही, जसं कोणी हळूच उंबरा ओलांडून घरात यावं. मागची बाजू गेली खाली. नाक मात्र वरच.

"मोडंल! मोडंल ती!" हिलाल गोधडी टाकून उठला, पाण्यात शिरणार होता.

छाया गेली आणि त्या नाकातच जाऊन बसली. मांडी घालून. नाव तिला घेऊन खाली जायला लागली, म्हैस पाण्यात बसते तशी, हळूहळू. पाणी कमरेला, छातीला. अंबाडा सुटला, केस हिरव्या पाण्यावर पसरले. मग नुसतं तोंडच राहिलं वर, डोळे मिटलेले. बायकांची धुणं बडवायची दांडकी थांबली.

"छाया?" हिलाल म्हणाला. जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती त्यानं.

"गप बसा. टेकतेय."

मला नंतर सांगत होती, "बाई, खालून गाळ वर आला आन् नावेला मांडीवर घेतलं. बारकी मासोळी माझ्या हाताखालून आत गेली, घर असल्यासारखी. आन् ते लूमचं खडखड, रात्रंदिवस कानात असतं ना, ते थांबलं. मला उठूच वाटेना."

"सपाट?" हिलालनं विचारलं.

"सपाट. निजनी."

मी वरून दगड देत गेले, ती पायानं चाचपून लावत गेली. वर आली तेव्हा हिलालनं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि स्वतःच रिक्षाकडे चालायला लागला. बरा झाला तो, म्हणून मी आता हसून सांगते. रिक्षात त्यानं अर्धी गोधडी तिच्या अंगावर ओढली. ही चिखलानं माखलेली, केसातून पाणी गळतंय, कुडकुडतेय.

दवाखान्यात नर्सबाई धावत आली ती हिच्याचकडे. धरून खाटेवर निजवायला लागली.

हिलालनं हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"बाई, ती नाही. मी. मी आलोय."