अलालच्या घरातले ठोके

कल्पना करा, तुम्हाला झोडायला बसवलंय. खोली थंडगार, कारण गांजाच्या वाळलेल्या फांद्यांवरची चरसाची भुकटी कडाक्याच्या थंडीतच मोकळी होऊन पडते. समोर रुंद घमेलं, त्याच्या तोंडावर ढोलासारखं ताणून बांधलेलं झिरझिरीत कापड. कापडावर फांद्या, फांद्यांवर प्लास्टिकचा कागद, आणि तुमच्या हातात दोन काठ्या. मारा. पण जोरात नको, पानांचा चुरा खाली उतरतो आणि माल हिरवा पडतो. अगदी हळूही नको. खांदा ढिला सोडून फक्त मनगटातून मारायचं, दुपार कलेपर्यंत. खिडकीत गोधड्या कोंबलेल्या आहेत, दाराखाली फडकं सारलेलं आहे. वाऱ्याची झुळूक आत आली, तर सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चांगली भुकटी उडून जाते.

बंद खोलीत ती उडत नाही, मग जाते कुठे, हे मोरोक्कोच्या त्या रिफ डोंगरात कुणी विचारत नव्हतं. हद्दूनेही विचारलं नाही.

हद्दू मिसरूड फुटायच्या आधीपासून झोडत होता. ओढत मात्र कधीच नव्हता. ओढणाऱ्यांना तो हसायचा. "मिठाईवाला मिठाई खात बसला तर दुकान चालेल का?" असं म्हणायचा. हे काम त्याला ओढ्यापलीकडच्या अलालने शिकवलं होतं. हिवाळ्यात खोऱ्यातल्या घराघरातून ठोके ऐकू येत आणि प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येई. अलालचा हात लंगडा होता. दोन जलद ठोके, एक उशिराचा, मग क्षणभर काहीच नाही. तो खोकून खोकून मेला, मुलं स्पेनला निघून गेली, घराला कुलूप लागलं.

त्यानंतर हद्दूला मुलगी झाली. तिचं नाव नुंजा. पोर जन्मली तीच रडत. पोटात दुखायचं की काय कोण जाणे, खांद्यावरून उतरायलाच तयार नसे. एकदा हद्दूची बायको यामना वैतागली आणि पाळणा उचलून झोडायच्या खोलीत घेऊन आली. "धर तुझी लेक. मला भाकरी तरी भाजू दे." हद्दूने दोन हात मारले आणि नुंजा गप्प. थोड्या वेळात गाढ झोपली. तेव्हापासून पाळणा तिथेच राहिला, घोंगडीत गुंडाळलेला. शेजारणी सांगायला आल्या, "आमचीही तिथेच वाढली. ठोक्यावर पोरं छान झोपतात."

त्या वसंतात हंगाम संपला. घमेली पालथी पडली, खोरं शांत झालं. हद्दू शेतात ढेकळं फोडत होता आणि ठोके सुरू झाले. ओढ्यापलीकडून. दोन जलद, एक उशिराचा, मग काहीच नाही.

त्याला वाटलं, अलालची मुलं परत आली असतील. कुदळ टाकून तो ओढा ओलांडून गेला. कुलपावर गंज चढला होता आणि उंबऱ्याच्या फटीतून गवत वर आलं होतं. त्याने दाराला कान लावला. ठोके चालूच होते, पण आता मागून येत होते. त्याच्या स्वतःच्या घरातून.

घरी आला तर यामना अंगणात शेंगा सोलत होती.

"कोण झोडतंय?"

"आत्ता? वसंतात?" तिने वर पाहिलं. "ऊन लागलं का तुला?"

मग हे रोजचंच झालं. जेवताना हात मध्येच थांबायचा. चुलतभाऊ मिमूनने सगळ्यांसमोर थट्टा केली, "काय रे, मधमाश्यांनी कानात पोळं बांधलं काय? मध निघाला की सांग हो, वहिनीला बाजारात पाठवू." सगळे हसले. हद्दूही हसला, पण त्याचं अर्धं लक्ष ओढ्याकडे होतं.

शेवटी यामनाने त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पुष्कळ प्रश्न विचारले.

"मी ओढत नाही बाई," हद्दू ठासून म्हणाला.

"ओढत नसशील. श्वास तर घेतोस ना?"

डॉक्टरीणबाई गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागल्या.

"त्या खोलीतली धूळ इतके हिवाळे तुझ्या छातीत जातेय. गांजा फक्त धुरातून भिनतो असं नाही. काही जणांना त्याने असे आवाज ऐकू येतात. तुझं त्यामुळेच आहे असं छातीवर हात ठेवून नाही सांगणार मी, पण आधी त्या खोलीपासून लांब राहा. या गोळ्या घे."

"आणि मग थांबेल?"

"बऱ्याच जणांचं थांबतं. काहींचं नाही थांबत." मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत आणखी कोण असतं?"

"मुलगी. पाळण्यात," यामना म्हणाली. "तिथे फार छान झोपते हो."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ती झोपत नाही, यामना. तिला गुंगी येते."

 घरी आल्या आल्या यामनाने खिडकीतल्या गोधड्या ओढून काढल्या, भिंती चुन्याने रंगवल्या, पाळणा चुलीजवळ आणला. नुंजा बरेच दिवस किरकिर करत होती, नीट खात नव्हती, नीट झोपत नव्हती. मग हळूहळू रुळली. रांगायला लागली, शेळीच्या शेपटीमागे धावायला लागली. हद्दूचे ठोकेही विरळ झाले. कधी कधी अख्खा आठवडा शांत जाई. यामना पुन्हा गुणगुणायला लागली.

आणि एका दुपारी, नुंजा अंगणात भाकरी चघळत बसली असताना, तिने एकदम मान वळवली. ओढ्याकडे. चघळणं थांबलं. हद्दूने तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्याला ऐकू आलं. दोन जलद, एक उशिराचा.

आधी तिने मान वळवली होती. नंतर त्याला ऐकू आलं होतं.

हद्दूला इतका आनंद झाला की तो ओरडलाच. "यामना! धाव! पोरीला ऐकू येतंय! म्हणजे खरंच कुणीतरी आहे तिथे! मी वेडा नाही गं!"

यामना पिठाच्या हातांनी दारात आली. तिने कान दिला. ओढ्याचं पाणी, शेळ्या, दुसरं काही नाही.  मग ती मुलीकडे बघत राहिली. त्या बघण्यानेच हद्दूच्या तोंडचं हसू उतरलं. पलीकडे कुणी नसेल, तर मग पोर काय ऐकत होती?

नुंजाने समोरच्या थाळीवर तळहात मारले. दोन जलद, एक उशिराचा, आणि हात हवेत तसाच थांबला.

"अलालचा हात," हद्दू पुटपुटला. "तिने तर त्याला पाहिलंसुद्धा नाही."

"तुझा हात आहे तो," यामना म्हणाली. "तूही असाच लंगडा मारतोस. तुला माहीतच नाही?"

त्याला माहीत नव्हतं. पाळण्यात ऐकलेलं पोर वाजवतेय, एवढंच असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण मान का वळली? आणि नेमकी तेव्हाच का?

मिमून येत्या हिवाळ्याची बोलणी करायला आला. "तुझ्यासारखा हात खोऱ्यात नाही, भाऊ. रुसू नकोस. नाकाला फडकं बांधून बस हवं तर."

"नाही बसणार."

"मग काय करशील?"

"शेळ्या राखेन."

"शेळ्यांना ठोके ऐकू आले तर?" मिमून हसला. या वेळी हद्दू हसला नाही. तेव्हा मिमूनने चहाचा पेला तसाच खाली ठेवला आणि उठून गेला.

नुंजाला घेऊन ते पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, कानामागे खुळखुळा वाजवला, वजन पाहिलं. "वाढ बरी आहे. कान चांगले आहेत. पोरं कशानेही मान वळवतात, पाखरू उडालं तरी. तिला काय ऐकू येतं, ते तिच्याशिवाय कोण सांगणार? अजून बोलत नाही ती. लक्ष ठेवा."

आता नुंजा बोलायला लागली आहे. बाबा म्हणते, पाणी म्हणते, शेळीला बें म्हणते. प्रत्येक नव्या शब्दाला यामना टाळ्या वाजवते आणि हद्दूला वाटतं, आता ही ठोक्यांबद्दल सांगणार. दुपारी तो तिला मांडीवर घेऊन अंगणात बसतो, ओढ्याकडे पाठ करून. ती मान मागे वळवते. तो तिच्या कानापाशी वाकतो आणि हळूच विचारतो,

"नुंजा, तिकडे काय आहे गं?"